डावीकडचे तीन खडे

तिने चिमट्याने माळ पाण्यातून वर उचलली. तासाभरापूर्वी लखलखणारे खडे ठिकठिकाणी राखेच्या रंगाचे झाले होते. एखाददुसरा नव्हे. मधल्या फुलातले पाच, उजव्या सरीतले चार, खालच्या लोलकातले दोन. तिने माळ खिडकीतल्या उजेडात धरली, हलवली, मऊ फडक्याने टिपली. राखाडी ते राखाडीच.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि लगेच दाराकडे बघितलं.

ऐकायला घरात होतं कोण! नवरा सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता, ते दोनपर्यंत यायचे. ज्यांची ही माळ, त्या नर्सबाई चार वाजता न्यायला येणार होत्या. घड्याळात साडेदहा झाले होते.

घराच्या पुढच्या खोलीतच कामाचं टेबल होतं. जुन्या खड्यांच्या माळा, कानातली, केसांतल्या पिना, सगळं काचेचं. लोक त्याला खोटे दागिने म्हणतात. सासूबाईंना तो शब्द खपत नसे. "खोटं कसलं? काच काय खोटी असते?" असं म्हणून त्या गिऱ्हाइकालाच गप्प करत. सासरे ते दागिने दुरुस्त करायचे, ते गेल्यावर सासूबाईंनी टेबल सोडलं नाही, आणि आता मोतीबिंदूने त्यांना टेबल सोडायला लावलं होतं.

सून मात्र आली होती सराफाच्या घरातून. सोनं आणि हिरे बघत वाढलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिचं नाव 'सराफबाई' ठेवलं, आणि तीन वर्षं सराफबाईंना खडे आकाराप्रमाणे निवडण्यापलीकडे काही करू दिलं नाही. काल रात्री जेवताना मात्र त्या म्हणाल्या होत्या,

"उद्या नर्सबाईंची माळ तू कर. दोन खडे गळालेत, तेवढे बसव. बाकीला हात लावायचा नाही."

आता 'कर' म्हटल्यावर माणसाने आनंदाने मान डोलवावी. पण तिच्या कानात राहिलं ते पुढचंच. हात लावायचा नाही! म्हणजे माळ दिली, भरवसा नाही दिला. सकाळी दोघं बाहेर पडल्यावर तिने माळ भिंगाखाली धरली, तर डाव्या सरीतले तीन खडे मळकट. दोन शेजारी-शेजारी आणि एक त्यांच्या खाली. बाकीची माळ लखलखीत आणि हे तीन असे. तिला वाटलं, सासूबाईंना दिसत नाही म्हणून राहिलंय. आपण करून दाखवू. माहेरी हिऱ्याची अंगठी आली की आधी कोमट पाणी, साबणाचे चार थेंब, तासभर भिजवायची, मऊ ब्रश. हिरा आंघोळ करून आल्यासारखा हसतो. तिने तेच केलं. माळ वाडग्यात ठेवली आणि स्वयंपाकघर आवरायला गेली.

हिऱ्याला पाणी चालतं, कारण त्याची चमक त्याच्या पोटात असते. काचेच्या खड्याची चमक त्याच्या पाठीवर असते. पाठीला चंदेरी वर्ख लावलेला असतो, कागदाहून पातळ. समोरून आलेला उजेड त्याच्यावर आपटून परत येतो, तेवढीच काय ती जादू. कडेतून पाणी आत शिरलं की वर्ख कुजतो आणि उजेड परत यायचा थांबतो. या धंद्यात त्याला एकच शब्द आहे, खडा मेला. तो शब्द तिने तीन वर्षांत पन्नासदा ऐकला होता. पण ऐकणं वेगळं आणि हाताला आठवणं वेगळं. हाताला माहेर आठवलं.

तिने केस वाळवायचं यंत्र आणून माळेवर धरलं. पाच मिनिटांनी एका खड्याच्या पाठीवरून वर्खाची पापडी सुटून टेबलावर पडली. तिने यंत्र बंद केलं. हातपाय गाळून चालणार नव्हतं. खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलंही, पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही म्हणालात हात लावू नकोस, आणि मी आंघोळ घातली? परत कधी टेबलापाशी बसू देतील? जन्मभर खडे निवडत बसावं लागेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट ऐकवली जाईल ती वेगळीच. सासूबाई गोष्ट सांगायला लागल्या की आवाजासकट सांगायच्या.

आधी तिने नवे खडे लावून पाहिले. एक जुन्याशेजारी ठेवला आणि लगेच उचलला. नवा खडा पांढराफटक, निळसर झाक मारणारा, मोबाइलच्या पडद्यासारखा. जुन्याचा उजेड पिवळसर, ऊबदार. सासूबाई म्हणायच्या, हे खडे मेणबत्तीच्या उजेडासाठी जन्मले. कुठल्याशा दूरच्या नदीत चकाकणारे गोटे सापडायचे, लोक ते घासून अंगावर घालायचे. गोटे पुरेनात तेव्हा कुणा कारागिराने काचेला पैलू पाडले आणि पाठीला वर्ख लावला. ज्यांच्या पेट्यांत खरे हिरे होते त्या बायकाही हौसेने हे घालून नाटकाला जायच्या. हिरा मिरवायला, काच मजेला. "आणि चोरीला गेली तरी झोप लागते," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

जुन्याला जुनाच हवा होता. जुने होते फक्त सासऱ्यांच्या पत्र्याच्या डबीत, वरच्या फळीवर. तसले खडे आता कुणी बनवत नाही. म्हणून सासूबाई एकेक खडा असा काढत, जणू स्वतःचा दात उपटून देतायत. डबीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

तिने स्टुलावर चढून डबी काढली.

मग मात्र तिने मान वर केली नाही. मेलेला खडा सुईने उचकटायचा, बशीत टाकायचा, कोंदण खरवडून कोरडं करायचं, डबीतला त्याच आकाराचा खडा चिमट्याने उचलायचा, गोंदाचा मोहरीएवढा थेंब, खडा सरळ बसवायचा, श्वास सोडायचा. अकरा खडे झाले. डावीकडचे ते तीन मळकट राहिले होते. आता तिला कळलं होतं की तो मळ नव्हता, ते आधीच मेलेले होते. ते तसेच ठेवावेत असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. एवढं केलंय तर तीन कशाला ठेवायचे? तेही उचकटले, बशीत टाकले. शेवटी ते मूळचे दोन, ज्यांच्यासाठी माळ आली होती. डबीच्या तळाला सातआठच खडे उरले, हलवलं की खुळखुळायला लागले. तिने डबीत कापसाचा बोळा घातला आणि वर ठेवून दिली.

माळ आता नुसती झळाळत होती. तिला ती बघवेना.

दोनला पाच कमी असताना दार वाजलं. सासूबाई नवऱ्याचा हात धरून आत आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नव्हतं.

"झाली का गं माळ, सराफबाई?"

"झाली, आई."

"बघू."

तिने माळ त्यांच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी चष्मा वर करून ती नाकाशी नेली, दूर धरली, आणि डोळे मिटून घेतले.

"मला तर नुसता लखलखाट दिसतोय. बरी झालेली दिसते." त्यांनी अंगठा माळेवरून फिरवला. "एकही खडा वर-खाली नाही. हात चांगला आहे हो तुझा."

तीन वर्षं जे ऐकायला ती तळमळत होती ते असं मिळालं. जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. ती पाणी प्यायचं निमित्त करून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. नवरा जेवून कामावर गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. सासूबाई फळीकडे वळल्या की तिचा हात थांबायचा, त्या खोकल्या की ती दचकायची.

"काय झालंय तुला? मघापासून दोनदा मीठ विचारलंस."

"काही नाही. गरम होतंय."

बरोबर चारला नर्सबाई आल्या. उंच, सत्तरीच्या घरातल्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी पायांत अजून दवाखान्यातले मऊ तळव्यांचे बूट. त्या बसल्या नाहीत. माळ घेऊन सरळ खिडकीपाशी गेल्या. डावी सर बोटांवर घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"माझे तीन खडे कुठायत?"

"दोन ना? दोन बसवलेत," सासूबाई म्हणाल्या.

"ते नव्हे. इथले तीन. काळे होते ते. मी तुम्हाला म्हटलं होतं, बाकीला हात लावू नका म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. "बदललेत तुम्ही. कशाला बदललेत?"

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. दिसत काहीच नव्हतं, तरी त्यांनी सुनेच्या दिशेने बघितलं.

नर्सबाई आता खुर्चीवर बसल्या. त्या सांगायला लागल्या ते कुणाला उद्देशून नव्हतंच. थोरली बहीण हॉटेलात गायची, तेव्हाची ही माळ. आई कामावर, धाकटीला, म्हणजे यांना, सांभाळायला कुणी नाही म्हणून बरोबर न्यायची. धाकटी आठ वर्षांची असताना हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पडली. ताई गाणं सोडून धावली आणि अंगावरच्या कपड्या-दागिन्यांसकट पाण्यात उतरली. दोघी वाचल्या. माळेतले तीन खडे तेवढे गेले. ताईने ते कधी बदलू दिले नाहीत.

"आता ती कुणालाच ओळखत नाही. मला नर्स म्हणून हाक मारते. चाळीस वर्षं मी नर्सच होते, तिचं तसं चुकत नाही. पण मी तिची बहीणही आहे ना?" त्यांनी नाक पुसलं. "संध्याकाळी माळ हातात दिली की चाचपत बसते. ते तीन सापडले की वर बघते, म्हणते, 'हे तुझे.' तेवढंच. दिवसातनं तेवढं एकदा मी तिची असते. ते दोन खडे गळून पडले आणि कोंदणाच्या कडेने तिचं बोट कापलं, म्हणून तर दुरुस्तीला आणली. आठ दिवस माळ नाही घरात, आठ दिवस मी नर्स आहे."

सून उभी होती तिथून दाराकडे बघत होती. पळून जावं असं खरंच वाटलं तिला. मग तिने टेबलाच्या खणातून बशी काढली आणि नर्सबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मी केलं. आईंना माहीत नाही." "मला वाटलं मळलेत. मी माळ पाण्यात घातली."

"पाण्यात?" सासूबाई ताडकन उठल्या. "काचेची माळ पाण्यात? अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? दोन खडे बसव म्हटलं होतं मी तुला, दोन! आणि बाकीचे आणलेस कुठून?" उत्तर येण्याआधीच त्यांचं तोंड फळीकडे वळलं. "त्यांच्या डबीतले?"

"हो."

सासूबाईंनी चाचपत खुर्ची शोधली आणि त्या बसल्या. शिव्या बऱ्या होत्या असं सुनेला वाटलं.

नर्सबाई बशीत बघत होत्या. चौदा खडे, सगळे मेलेले, एकात एक मिसळलेले.

"यातले माझे कुठले?" त्यांनी एक उचलला, ठेवला. "सगळे सारखेच दिसतात. काहीही तीन लावा, तिला काय कळणार, असं म्हणाल तुम्ही."

"नाही म्हणणार," सासूबाई म्हणाल्या. मग कोरड्या आवाजात सुनेला, "मला दिसत नाही. तुलाच बघायला लागेल. आज मेलेला ओला असेल, राखेसारखा. जुना मेलेला तपकिरी पडतो आणि पाठ खरखरीत होते. खिडकीत जा. आणि नक्की नसेल तर नाही म्हण, उगीच मन राखायला सांगू नकोस."

ती भिंग घेऊन खिडकीत बसली. एकेक खडा उलटा करून नखाने पाठ चाचपू लागली. राखाडी. राखाडी. एक तपकिरी. दुसरा तपकिरी. कपाळावरचा घाम भिंगावर पडला, तो पुसून पुन्हा. तिसरा सापडेना. बाकीचे बारा ती दोनदा बघून गेली. नर्सबाई तिच्या हाताकडे बघत होत्या, सासूबाई तिच्या श्वासाकडे कान लावून होत्या. तिसऱ्यांदा बघताना एका राखाडी खड्याची कड तिला खरखरीत लागली. वरचा ओलेपणा तिने फडक्यावर घासला, तर खाली तपकिरी.

"हा. नक्की. वरची ओल आजची आहे, खालचा तपकिरी जुना."

डावीकडचे तीन चमकते खडे काढून तिने ते तीन आपापल्या जागी बसवले. कुठला शेजारचा आणि कुठला खालचा, हे मात्र तिला माहीत नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, तेवढं चालेल.

गोंद सुकायला तास लागणार होता. तोवर माळ आडवीच हवी, कलली की खडे सरकणार. नर्सबाईंना तासभर थांबायचं नव्हतं. ताईची माळेची वेळ पाचची, ती टळली की ताई झोपून जायची.

"मी येते घेऊन," सून म्हणाली आणि तिने सासूबाईंकडे बघितलं.

"जा. ताटात ठेवून ने, ताट सपाट धर. पायाखाली बघून चाल." मग त्या म्हणाल्या, "आल्यावर बोलू आपण."

दोन गल्ल्यांचंच अंतर, पण तिला ते संपेना. दोन्ही हातांत स्टीलचं ताट, त्यात फडक्यावर माळ, आणि नर्सबाई पुढे चालत येणाऱ्या-जाणाऱ्यांना बाजूला करतायत. एका दुचाकीवाल्याने मागून भोंगा वाजवला तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तो दिसेनासा होईपर्यंत हलली नाही. जिन्याच्या बावीस पायऱ्या ती एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत चढली.

थोरली बहीण खिडकीजवळच्या खुर्चीत होती. बारीक कापलेले पांढरे केस, मांडीवर घडी घातलेली शाल, हात मोकळे. हात मात्र अजून देखणे होते.

"ताई, बघ काय आणलंय."

"नर्स, खिडकी लावून घे. वारा येतोय."

नर्सबाईंनी खिडकी लावली. मग मानेनेच सुनेला खूण केली. ताट सपाट राहावं म्हणून ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली आणि ते म्हातारीच्या मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी धरून राहिली. नर्सबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

बोटं माळेवर उतरली. मधल्या फुलावरून फिरली, उजव्या सरीकडे गेली, परत आली. नव्या बसवलेल्या खड्यांवरून ती न थांबता पुढे गेली. सुनेला स्वतःच्या छातीतली धडधड ताटात उतरेल असं वाटत होतं. डावीकडे आल्यावर बोट थांबलं. मागे गेलं. एक, त्याला लागून दुसरा, आणि खाली तिसरा. म्हातारीने मान वाकवून बघितलं. मग तिने चेहरा वर केला.

समोर सून होती.

"हे तुझे," ती म्हणाली. आणि हात उचलून तिच्या केसांवर ठेवला.

सून गारठलीच. मी नाही, त्या मागे आहेत, असं तोंडापर्यंत आलं. ती बाजूला व्हायला लागली, पण मांडीवर ताट होतं आणि डोक्यावर हात होता. तेवढ्यात तिच्या खांद्यावर मागून दुसरा हात पडला आणि त्याने तिला आहे तिथेच दाबून धरलं.

"कोरडी झालीस का गं नीट?" म्हातारीने तिला विचारलं. ती तिच्या केसांतून बोटं फिरवत होती.

"झाले, ताई," मागून नर्सबाई म्हणाल्या.

म्हातारी समोरच बघत होती. तिने मान डोलावली, तिचं समाधान झालेलं दिसलं.

"आईला सांगू नकोस हं."

"नाही सांगत," नर्सबाई म्हणाल्या. सुनेच्या खांद्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.